परसात पत्र्याचं शेड टाकायचंय, मागचे शेजारी हरकत घ्यायलेत. नियम नेमका काय आहे?

परसबाग_लातूर

नमस्कार मंडळी. लातूर महापालिका हद्दीत, मंजूर ले-आऊटमध्ये आमचा 40 बाय 50 चा प्लॉट आहे. वडिलांनी 2009 साली रीतसर परवानगी काढून घर बांधलं. मागं परस मोकळा सोडला आणि आईनं तिथं बाग केली. शेवगा, कढीपत्ता, दोडक्याचा मांडव, वांगी, मेथी-पालकाचे वाफे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा बाकी सगळं वाळून गेलं. आईनं भांडी धुतलेलं पाणी घालून कढीपत्ता तेवढा जगवला.

आता अडचण सामानाची आहे. खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप, शेणखताची पोती, पाइपचं भेंडोळं, रिकाम्या कुंड्या, सगळं उन्हापावसात पडून असतं. म्हणून मागच्या कंपाऊंडच्या भिंतीला लागून 10 बाय 12 चं पत्र्याचं शेड टाकायचं ठरवलं. फॅब्रिकेशनवाल्यानं चार खांब उभे केले आणि मागच्या प्लॉटमधले काका आले. म्हणाले, भिंतीला लागून काही करायचं नाही, पाणी माझ्या अंगणात येणार, आणि भिंत मुळात माझ्या हद्दीत आहे. काम थांबवलं नाही तर पालिकेत अर्ज देतो.

काम थांबवलंय. या काकांशी आमचे घर बांधल्यापासून चांगले संबंध आहेत, आईच्या आजारपणात त्यांच्याकडून डबा यायचा. त्यामुळं भांडायची अजिबात इच्छा नाही. पण नियम काय सांगतो हे तरी नीट कळावं. पत्र्याच्या शेडला परवानगी लागते का? भिंतीपासून किती अंतर सोडायचं? आणि भिंत कुणाची हे कसं ठरवायचं?

सिडकोवासी

नट-बोल्टवर उभं केलेलं शेड बांधकामात धरत नाहीत. स्लॅब नाही, विटा नाहीत, परवानगी कशाला? आमच्या गल्लीत घरटी एक पत्रा आहे, कुणाला कधी विचारलं नाही. बिनधास्त टाका.

स्थापत्य_परभणी

सिडकोवासी, हाच समज घेऊन लोक माझ्याकडं येतात, आणि येतात तेव्हा हातात नोटीस असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी परवानाधारक अभियंता आहे, रोजचं काम हेच.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये ‘विकास’ म्हणजे काय याची व्याख्या कलम 2(7) मध्ये आहे. जमिनीत, जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम त्यात येतं. ते कशाचं आहे, विटांचं की पत्र्याचं, याला महत्त्व नाही. अशा कामाला कलम 44 खाली अर्ज करून परवानगी घ्यायची असते. न घेता केलं तर 53 खाली काढून टाकायची नोटीस येते. काम चालू असेल तर 54 खाली थांबवता येतं. आणि ‘हे तर तात्पुरतं आहे’ म्हणणाऱ्यांनी कलम 55 अवश्य वाचावं. अनधिकृत तात्पुरतं बांधकाम हटवण्याची वेगळी तरतूदच कायद्यात आहे, आणि तिची पद्धत पक्क्या बांधकामापेक्षा झटपट आहे. म्हणजे नट-बोल्टमुळं संरक्षण वाढत नाही, कमी होतं.

पावसाळ्यापुरतं गच्चीवर किंवा दारात घातलेलं आच्छादन वेगळं. त्याला तात्पुरती परवानगी मिळते आणि पाऊस संपला की ते काढायचं असतं. बारमाही शेड त्यात बसत नाही.

आता अंतराचं. मुंबई महापालिका, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर एकच नियमावली आहे, एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. डिसेंबर 2020 मध्ये ती लागू झाली. लातूर, परभणी, नांदेड, बीड सगळीकडं तीच. प्लॉटच्या चारही बाजूंनी सोडायच्या जागेला त्यात सामासिक अंतर म्हणतात. किती सोडायचं हे प्लॉटचं क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची आणि दाटवस्ती की बाहेरची वसाहत यावर ठरतं. त्यामुळं इथं कुणी ‘अमुक फूट सोडा’ म्हणून आकडा सांगितला तर त्यावर जाऊ नका. वडिलांनी घर बांधताना मंजूर करून घेतलेला नकाशा घरात असेल, तो काढा. त्यावर पुढचं, मागचं, बाजूचं अंतर लिहिलेलं असतं. नकाशा सापडत नसेल तर पालिकेच्या नगररचना विभागातून नक्कल मिळते, माहिती अधिकारातही मागता येते.

त्या सामासिक अंतरात विहीर, झाडाभोवतीचा पार, झोका, गेट अशा गोष्टी चालतात. छप्पर असलेलं सामानाचं शेड मात्र मागच्या भिंतीला चिकटून टाकलं तर ते थेट त्या अंतरातच येतं. तुमच्या काकांनी अर्ज दिला तर या मुद्द्यावर त्यांची बाजू भक्कम आहे.

पण शेड होणारच नाही असंही नाही. 40 बाय 50 म्हणजे साधारण 186 चौरस मीटर. सामासिक अंतर सोडून आतल्या बाजूला, घराच्या भिंतीलगत जागा असेल आणि चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटवर एकूण जेवढं बांधकाम करता येतं ते, शिल्लक असेल तर सुधारित नकाशा दाखल करून शेड रीतसर करता येतं. 300 चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटसाठी आता पद्धत बरीच सोपी केलीय, परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर काम होतं. आणि 150 चौरस मीटरपर्यंत तर त्याहून सोपं आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, सोपी झाली ती परवानगीची पद्धत. अंतराचा नियम आहे तसाच आहे.

सिडकोवासी

साहेब, पण आमच्या शेडवर पालिका मालमत्ता कर घेते. पावती आहे माझ्याकडं. मग ते अधिकृतच झालं ना?

स्थापत्य_परभणी

नाही. कर आकारणी वेगळी, बांधकाम परवानगी वेगळी. अनधिकृत बांधकामावरही कर लागतो, वर शास्ती म्हणजे दंडही लागू शकतो, आणि कर भरला म्हणून ते नियमित होत नाही. गल्लीत सगळ्यांनी टाकलंय हेही उत्तर चालत नाही. अधिकारी किंवा कोर्ट तुमच्यापुरतंच बघतं.

नोटीस आलीच तर घाबरून गप्प बसू नका, हेही सांगतो. कलम 53(3) प्रमाणे नोटिशीच्या मुदतीत बांधकाम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस अमलात येत नाही. नियमात बसणारं असेल तर वाचतं. सामासिक अंतरातलं बहुधा वाचत नाही.

मोजणी_निवृत्त

भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. भिंत कुणाची या प्रश्नावर लिहितो, कारण शेडच्या बऱ्याच भांडणांचं मूळ तिथंच असतं आणि लोक शेवटपर्यंत तिथं हात घालत नाहीत.

घरातला टेप घेऊन मोजू नका. मोजणारा नेहमी स्वतःच्या पुढच्या भिंतीपासून किंवा रस्त्याच्या कडेपासून सुरुवात करतो. पण रस्ता डांबरीकरणात दोन्हीकडं सरकलेला असतो, गटार नंतर आलेलं असतं, पुढची भिंत कुणी सहा इंच आत घेतलेली असते तर कुणी बाहेर. तिथून 50 फूट मोजले की मागं जी रेघ येते ती दोघांची वेगवेगळी येते, आणि दोघंही शपथेवर खरं बोलत असतात.

योग्य मार्ग म्हणजे ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात किंवा ऑनलाइन करता येतो. सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर सात-बारा, शिवाय मंजूर ले-आऊटची प्रत आणि खरेदीखत जोडा. मोजणीच्या आधी सगळ्या लगतधारकांना नोटीस जाते. भूकरमापक जागेवर येतो, मूळ अभिलेखावरून हद्द दाखवतो, खुणा करून देतो. मग नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती जपून ठेवा, पुढं कोर्टात गेलात तरी पहिला प्रश्न तिचाच येतो. मोजणी मान्य नसेल तर भांडत बसायचं कारण नाही, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना, म्हणजे पुन्हा तपासून केलेली मोजणी मागता येते.

माझा आग्रह एवढाच की अर्ज करण्याआधी काकांना सांगा. ‘मोजणी मागवतोय, तुम्हीही हजर राहा, निघेल ते दोघांनाही मान्य.’ अचानक नोटीस दारात गेली की माणूस बिथरतो. आधी बोलून गेली तर तोच माणूस खुंटी धरायला येतो. मी हे फार वेळा पाहिलंय.

आणि भिंत नऊ इंची असेल तर ती पूर्ण एकाच्या जागेत आहे की हद्दीची रेघ भिंतीच्या मधून जाते हेही त्यात कळेल. मधून जात असेल तर भिंत सामायिक. तिच्यावर खांब टेकवायचा, छिद्र पाडायचं, पत्रा अडकवायचा तर दुसऱ्याला विचारूनच.

पत्रेवाला_जालना

मी फॅब्रिकेशनचं काम करतो. कायद्याचं मला कळत नाही, पण भांडण कुठून सुरू होतं ते रोज बघतो. गिऱ्हाईक म्हणतं ढाळ मागं काढ, म्हणजे पाणी आपल्या अंगणात नको. मागं म्हणजे शेजाऱ्याकडं की हो!

10 बाय 12 चा पत्रा म्हणजे 11 चौरस मीटरच्या आसपास. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. आपल्याकडं मृगाचा एखादा फटका 25 मिलिमीटरचा असतोच. म्हणजे पावणेतीनशे लिटर पाणी, तेही एका रेघेत, धार लागून. ते शेजाऱ्याच्या भिंतीच्या बुडात पडायलंय आणि आपण म्हणतोय थोडंसं पाणी आहे.

ढाळ आपल्याकडं काढा. खालच्या कडेला पन्हाळ लावा, जीआय पत्र्याचं किंवा पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेलं. पन्हाळीला एका बाजूला उतार द्या, तोंडाला जाळी बसवा, नाहीतर शेवग्याच्या पाल्यानं तुंबते आणि पाणी पाठीमागून उलटं सांडतं. पाइप सरळ टाकीत सोडा. आईच्या बागेला तेच पाणी चालतं, आणि लातूरकरांना पाण्याचं मोल मी काय सांगू.

वाऱ्याचंही बघा. मे महिन्यात वळवाचा वारा सुटतो तेव्हा पत्र्याला खालून उचलतो. पत्र्यावर दगड ठेवणं हा उपाय नव्हे. पत्र्याबरोबर दगडही उडतो आणि शेजारच्या अंगणात लेकरं खेळत असतात. पत्र्याच्या कडेला, जिथं जोर जास्त येतो, तिथं स्क्रू जवळजवळ मारा, रबरी वॉशर घालून, आणि नळीच्या उंचवट्यावर मारा, खळगीत नाही. खळगीत मारला की तिथूनच गळतं. खांबाला खाली बेसप्लेट आणि काँक्रीटचा खड्डा पाहिजेच. काळ्या जमिनीत नुसता रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो.

काळ्या_मातीची_लेक

बीड जिल्ह्यातून लिहितेय. मी तुमच्या काकांच्या जागी आहे, म्हणून त्यांच्या बाजूनं थोडं.

आमच्या शेजारी भिंतीला लागून गुरांसाठी शेड झालं, ढाळ आमच्याकडं. पहिल्या पावसाळ्यात अंगणात पाट वाहिला, तो आम्ही सोसला. पुढं माजघराच्या भिंतीला खालून ओल चढली, रंगाचे पोपडे सुटले. उन्हाळ्यात जमीन सुकली तशी भिंतीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेली. तुम्हाला ठाऊकच आहे, आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायाच्या एकाच बाजूला सतत पाणी मुरत राहिलं तर घराचा तो कोपरा वर-खाली होतो. भेग पडायला भूकंप लागत नाही, शेजाऱ्याची वळचण पुरते.

शिवाय दुपारी पत्रा तापतो आणि ती झळ थेट आमच्या खिडकीत येते. मे महिन्यात स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. पाऊस लागला की पत्र्यावरचा आवाज इतका की सासूबाई रात्रभर जाग्या. हे सगळं बोलून दाखवलं तर ‘तुम्हाला आमचं बघवत नाही’ असं ऐकावं लागलं. ते फार लागलं.

आम्ही कोर्टात गेलो नाही. सासऱ्यांनी गावातल्या दोन जाणत्या माणसांना घरी बोलावलं, भर पावसात भिंतीजवळ उभं केलं आणि पाणी दाखवलं. पावसात दाखवलं म्हणूनच ते पटलं. पन्हाळ बसली, पाणी थांबलं. भेग मात्र आम्ही आमच्या पैशानं बुजवली.

तुमचे काका हद्दीचं बोलायलेत, पण त्यांच्या मनात हद्दच आहे का ते एकदा विचारून बघा. त्यांच्या अंगणात जाऊन, त्यांच्या बाजूनं ती जागा बघा.

वकील_नांदेडकर

दोन्हीकडून छान लिहिलंय. मी दिवाणी कोर्टाचं सांगतो.

नव्या पत्र्याचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडायचा कुणालाही हक्क नाही. शेजारी थेट दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागू शकतो. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 38 खाली कायमची मनाई आणि 39 खाली झालेलं काम काढून टाकण्याचा आदेश, दोन्ही मिळू शकतात. कोर्ट जागेची पाहणी करायला आयुक्त नेमतं, तो मोजमाप आणि फोटोसह अहवाल देतो.

उजेड-वाऱ्याचा मुद्दा नेहमी येतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 15 प्रमाणे खिडकीतून येणारा उजेड आणि वारा सलग वीस वर्षं, शांतपणे, कुणाच्या अडथळ्याशिवाय आणि हक्कानं उपभोगला असेल तर तो हक्क होतो. तुमच्या दोघांची घरं तेवढी जुनी नसतील तर हा मुद्दा पुढं करता येणार नाही. आणि हक्क असला तरी थोडासा उजेड कमी झाला एवढ्यावर दावा टिकत नाही, नुकसान ठळक असावं लागतं.

पोलीस ठाण्यात धाव घेणाऱ्यांना माझं सांगणं, हद्दीचा वाद पोलीस सोडवत नाहीत. शिवीगाळ झाली तर अदखलपात्र नोंद होते. वाद हाणामारीपर्यंत जाईल असं दिसलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं प्रकरण जातं, पूर्वी हेच फौजदारी संहितेचं 145 होतं. त्यात ताबा कुणाचा एवढंच बघतात, मालकी ठरत नाही. आणि त्या तारखांत शेजारधर्म कायमचा संपतो.

दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडं दाखलपूर्व अर्ज करा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकुमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. गावाकडं तंटामुक्त समित्या आहेत. 15 ऑगस्ट 2007 ला ती मोहीम सुरू झाली तेव्हा बांधाची आणि वळचणीची कितीतरी भांडणं पारावर मिटली. जिथं समिती आजही जिवंत आहे तिथं तिचा जरूर उपयोग करा.

औसेकर_भूकंपग्रस्त

आमच्या भागातलं थोडं वेगळं आहे, पण विषयाला धरून आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवद अंगावर आलं. नंतर 52 गावं दुसऱ्या जागी वसवली. नवी घरं कुटुंबाच्या जमिनीप्रमाणं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची दिली. जुन्या वाड्यात ढाळजेला, चौकात, बळदात सगळं मावायचं. जनावरं, कडबा, सरपण, अवजारं, धान्य. नव्या घरात माणसंच कशीबशी मावायची. त्यात स्लॅबखाली झोपायची भीती मनातून जाईना. मग घरापुढं, घरामागं पत्र्याचे शेड आले. सुरुवातीच्या तात्पुरत्या निवाऱ्यांचे पत्रे आमच्या गावात अजून गोठ्यावर दिसतात.

त्या वेळी प्लॉट मोकळे होते, कुंपण नव्हतं. चुलत्याचा शेड पुतण्याच्या हद्दीत फूटभर गेला तर कुणी बोललं नाही, सगळेच दुःखात होते. आता तिसरी पिढी आहे, वाटण्या होतायत, सिमेंटचं कुंपण घालतायत, आणि तो फूटभर आठवतोय. माणसं गेली, ज्यांना ठाऊक होतं तीही गेली. म्हणून मोजणी_निवृत्त काकांना माझा दुजोरा. संबंध चांगले आहेत तेव्हाच हद्द कायम करून घ्या. वाद पेटल्यावर मोजणीचा कागदही कुणी मानत नाही.

गंगापूर_शेतकरी

शेतातल्या शेडला पण हेच नियम का? आम्ही कडबा आणि ठिबकचे पाइप ठेवायला शेतात शेड टाकलंय, बांधालगत.

मोजणी_निवृत्त

शेतीचं वेगळं. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 41 प्रमाणे शेतकऱ्याला शेतीच्या सोयीसाठी गोठा, अवजारांचं शेड, शेतघर बांधायची मुभा आहे. शहराच्या हद्दीलगतच्या पट्ट्यात मात्र क्षेत्रफळाची मर्यादा आणि जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी येते, ते तलाठ्याकडून खात्री करून घ्या. शेड शेतीचंच पाहिजे, त्यात दुकान किंवा गोडाऊन भाड्यानं दिलं की सवलत गेली. बांधावर टाकू नका, बांध दोघांचा असतो. शेडमुळं ओढ्याचं पाणी किंवा वहिवाटीचा रस्ता अडला तर शेजारी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडं जाऊ शकतो, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी. नमुना आठवर शेडची नोंद झाली म्हणून जागा नावावर झाली असं समजू नका, ते करआकारणीचं रजिस्टर आहे. ज्या गावात स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालीय तिथं मिळकत पत्रिका आणि सनद मिळालीय, ती बघा.

गुंठेवारीवाला

आमच्यासारख्यांनी काय करावं? संभाजीनगरात 20 बाय 30 चा प्लॉट, बाँडपेपरवर घेतलेला. मंजूर नकाशाच नाही, तर सामासिक अंतर कुठून बघायचं?

स्थापत्य_परभणी

ले-आऊट मंजूर न करता गुंठ्यागुंठ्यानं विकलेले असे प्लॉट म्हणजे गुंठेवारी. आधी त्यात नियमित करून घ्या. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली आहे. फाईल करताना अभियंता आहे ती जागा मोजून नकाशा करतो. शेड त्या तारखेनंतरचं असेल तर ते त्यात दाखवून खोटी तारीख घालू नका, उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांवरून लगेच कळतं. 600 फुटांत शेडला जागा काढणं अवघड आहे हे मलाही समजतं. भिंतीला लोखंडी कप्पे किंवा जिन्याखालची जागा हाच तिथला खरा मार्ग.

परसबाग_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काळ्या मातीची लेक यांचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चल, आत्ताच जाऊ. आम्ही दोघं काकांकडं गेलो आणि त्यांच्या परसातून आमची भिंत बघितली.

भिंतीला लागून त्यांचा बोअर आहे. आमच्या बाजूनं तो दिसतच नाही, इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. आमच्या शेडमध्ये खताची पोती आणि फवारणीची औषधं येणार, पत्र्याचं पाणी त्यातून झिरपत बोअरच्या कडेनं उतरणार, ही त्यांची धास्ती. त्यांच्याकडं नातू लहान आहे आणि नळाला पाणी येत नाही त्या दिवशी ते पाणी पितात. दुसरं, त्यांनी स्पष्ट सांगितलं की आज शेड टाकाल, उद्या त्याला विटा लावाल, परवा भाडेकरू ठेवाल, आणि आमच्या मागच्या दाराला परका माणूस राहील. त्यांच्या बहिणीच्या घरामागं असंच झालंय म्हणे. हद्दीचं ते रागात बोलले होते.

मंजूर नकाशा वडिलांच्या ट्रंकेत सापडला. मागचं अंतर त्यावर लिहिलंय आणि आमचे चारही खांब त्यातच आहेत. स्थापत्य साहेबांनी सांगितलं तसंच निघालं. आता असं ठरलंय की शेड घराच्या मागच्या भिंतीलगत घ्यायचं, 10 बाय 8 चं, दोन बाजू जाळीच्या, ढाळ आमच्या बागेकडं, पन्हाळीचं पाणी टाकीत. औषधं शेडमध्ये न ठेवता जिन्याखाली कुलपात. सुधारित नकाशासाठी इथल्या अभियंत्याकडं कागद दिलेत. मोजणीचा अर्जही करतोय, त्यावर काकांची सही आहे.

एकच विचारायचं आहे. काकांचं म्हणणं आहे की भिंत आत्ताच दोन फूट वाढवून घेऊ, अर्धा खर्च ते देतील. चालेल का? आणि आमच्यात जे ठरलंय ते कागदावर कसं लिहावं?

स्थापत्य_परभणी

भिंत मोजणीच्या नंतरच. आधी वाढवलीत आणि हद्द इंचभर सरकली तर दोघांचे पैसे पाण्यात. उंचीचं म्हणाल तर कंपाऊंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून वर दीड मीटरपर्यंत. 2.4 मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा हवा आणि नकाशात मंजूर करून घ्यायला हवा. भरीव भिंत दोन फूट वाढवलीत तर ती बहुधा नियमाबाहेर जाईल. वर जाळी घ्या आणि तिच्यावर आईचा दोडका चढवा, काकांनाही आडोसा होईल.

वकील_नांदेडकर

कागद साधा ठेवा. दोघांची नावं, प्लॉट नंबर, शेडची लांबी-रुंदी-उंची, ढाळ कोणत्या बाजूला, पाणी कुठं जाईल, शेडचा वापर फक्त बागेच्या सामानासाठी आणि राहण्यासाठी किंवा भाड्यानं देण्यासाठी नाही. पन्हाळ दुरुस्तीला काकांच्या बाजूनं जावं लागलं तर ‘त्यांच्या परवानगीनं’ असे शब्द घाला, ‘हक्कानं’ असा शब्द कुठंही नको. उद्या कुणी प्लॉट विकला तर नव्या मालकाला हक्काचा दावा करता येऊ नये यासाठी. भिंतीचा खर्च कुणी किती केला आणि ती सामायिक आहे का, हे मोजणीच्या ‘क’ प्रतीचा उल्लेख करून लिहा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, एकेक प्रत दोघांकडं. मंजूर झालेल्या सुधारित नकाशाची झेरॉक्स मागं जोडा.

पत्रेवाला_जालना

आणि ते चार खांब पावसाळ्याच्या आत काढून घ्या. खड्डे नुसत्या काळ्या मातीनं लोटू नका, काकांचा बोअर जवळ आहे, तिथून पाणी सरळ खाली जाईल. मुरूम घालून थराथरानं पाणी मारून ठोका, वरचा वीतभर भाग काँक्रीटनं बंद करा. पाइप चांगले असतील तर कापू नका, खालची प्लेट तेवढी बदलली की नव्या जागी तेच उभे राहतील.

परसबाग_लातूर

उद्याच फॅब्रिकेशनवाल्याला बोलावतो. मोजणीची तारीख आली की इथं कळवेन.